छान आहे हो, वेगळंच आहे

"आईला गोळ्या मिळाल्या नाहीत, कारण दुसरी आई हजर नव्हती! आणि मास, तुम्ही मला विचारताय, मिरच्या कुठे ठेवल्यात?"

विनार्तीने झारा कढईवर आपटला. जोग्या शहरात नवऱ्यालाही 'मास', म्हणजे दादा, अशीच हाक मारतात. तिच्या नवऱ्याने, वाहोनोने, मिरच्यांच्या बरणीकडे निघालेला हात मागे घेतला.

"चाचणी होती ती," तो हळू आवाजात म्हणाला. "एकाच दवाखान्यात घेतली. मुद्दाम लहानसा निवडला होता."

"आमचाच बरा निवडलात!"

"जवळ पडतो म्हणून."

ओसरीवर बांबूच्या बाकावर विनार्तीची आई, म्बाह सातिनेम, पाय वर घेऊन बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. "मी काही म्हणत नाही," ती तिथूनच म्हणाली. "आजवर मी एकटीच सातिनेम होते. आता दोघी झालो. बरं झालं, सोबत मिळाली."

झालं होतं ते असं. आसपासच्या दवाखान्यांत खिडकीवर नाव नोंदवण्याचा जो प्रोग्राम आहे, तो वाहोनोची कंपनी सांभाळते. तो प्रोग्राम फार जुन्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभा आहे आणि आता नव्यावर हलवायचा आहे. नव्या फ्रेमवर्कला प्रत्येक माणसाचं नाव वेगळं आणि आडनाव वेगळं लागतं. जोग्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांना एकच नाव असतं आणि त्यावाचून त्यांचं कधी अडलेलं नाही. मग कुणीतरी युक्ती काढली, एकच नाव दोन्ही रकान्यांत भरायचं. शुक्रवारी चाचणीच्या वेळी खिडकीवरून पुकारा झाला, "सातिनेम सातिनेम." म्हातारी उठून गेली. पण प्रोग्रामचा एक जुना कोपरा अजून नावावरून माणसं मोजत होता. त्याच्या मते बायका दोन होत्या, त्यातली एक आली आणि एक गैरहजर राहिली. केस पेपर मात्र एकच, म्हणून दोघी गैरहजर. खिडकीवरच्या मुलीने समजावलं, "आजी, पुढच्या वेळी बहिणीला घेऊन या."

"आणि उद्या हेच सगळ्या दवाखान्यांत," विनार्ती म्हणाली. "तुमच्या त्या तपासनीस प्रोग्रामला हे दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाही त्याने?"

"सांगितलं की."

"काय सांगितलं?"

वाहोनो फणस शिजत होता त्या कढईत बघत उभा राहिला.

वाहोनो मूळचा मदियुनचा, सरळ, अंगाने बारीक, आणि आयुष्यात कुणाला 'नाही' न म्हटलेला. कुणी काही विचारलं की तो मान झुकवून 'इंग्गिह' म्हणतो. या शब्दाचा अर्थ होकार असाही होतो, आणि 'तुमचं बोलणं कानावर आलं' एवढाच असाही होतो. समोरचा आपल्याला हवा तो अर्थ घेऊन जातो. अशा रीतीने त्यांच्या घरात पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं आली. अशाच रीतीने तो लागोपाठ दोनदा गल्लीचा मुखिया झाला, आणि शेजाऱ्याचा बोकड 'दोन दिवसांसाठी' म्हणून ओसरीच्या खांबाला बांधला गेला तो अजून तिथेच आहे. लग्नही तसंच ठरलं. विनार्तीच्या वडिलांनी विचारलं होतं, पुन्हा याल ना? विनार्ती हे हसत सांगते, पण भांडण झालं की हसत नाही.

तो तपासनीस प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता. हा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला चालवून बघत नाही, नुसता वाचतो. जुन्यातली कुठली ओळ नव्या ठिकाणी गेल्यावर मोडेल ते बसल्या जागी सांगतो. ही कल्पना त्याला सासूवरून सुचली. म्बाह सातिनेम बाकावरून हलत नाही, पण रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचं पुढे काय होणार ते तिला कळतं. समोरच्याने नवी भिंत बांधली तेव्हा ती तिच्याकडे बघून एवढंच म्हणाली होती, "छान आहे हो, वेगळंच आहे." पहिल्याच पावसाळ्यात भिंत रस्त्यावर आली.

वाहोनोने प्रोग्रामला तिचीच वाक्यं दिली. शंका असेल तिथे तो लिहितो, 'मी काही म्हणत नाही.' हमखास मोडणार असेल तिथे लिहितो, 'छान आहे हो, वेगळंच आहे.' ऑफिसात त्याचं नाव पडलं म्बाह, म्हणजे आजी. पोरांना एक अक्षर समजावून सांगावं लागलं नाही. म्बाहने एखाद्या ओळीला छान म्हटलं की ती लिहिणारा डबा अर्धा टाकून जागेवर येऊन बसायचा.

मग मेदानहून नव्या साहेब आल्या, बू तिउर्मा, म्हणजे तिउर्माबाई. त्यांच्याकडे हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे बाहेर व्हा. त्यांनी म्बाहचा अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि दवाखानेवाल्यांच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर लावला. "तीनशेहून जास्त ठिकाणी शेरा आहे, छान! वेगळं! माझ्या नोकरीत इतका चांगला अहवाल मी पाहिलेला नाही. सोमवारी हलवू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाहोनोनेही वाजवल्या.

"काल तुम्ही सांगायला गेला होतात ना?" विनार्तीने आता विचारलं. "शर्ट इस्त्री करून दिला मी. सोमवारी नको, एवढं सांगून यायचं होतं."

"गेलो होतो."

"मग?"

"त्या आज चार वाजता चहाला येतायत."

विनार्ती खाली बसली. म्बाह सातिनेम बाहेरून म्हणाली, "दोन पाट मांडा गं माझ्यासाठी. ती दुसरी येईल कदाचित."

बू तिउर्मा चार वाजता आल्या. आवाज ओसरीच्या आधी पोचला. हातात मेदानहून मागवलेला केक होता, पिवळा आणि जाळीदार.

"मास वाहोनो, घर सापडलं नाही म्हणून बोकड कुठे आहे असं विचारलं, लगेच दाखवलं लोकांनी! ह्या तुमच्या सासूबाई? घ्या आजी, आमच्याकडचा आहे."

म्बाह सातिनेमने केकचा तुकडा उचलला, डोळ्यासमोर धरला आणि त्याच्या भोकांतून रस्ता पाहिला.

"छान आहे हो," ती म्हणाली. "वेगळंच आहे."

विनार्तीच्या हातातला ट्रे थांबला. वाहोनोने डोळे मिटले. म्हातारीने तुकडा बाकाच्या कडेला ठेवला, आणि बोकडाने मान लांब करून तो खाल्ला. म्हातारीने त्याला हाकललं नाही, उलट जरा सरकून जागा दिली.

बू तिउर्मांनी बोकडाकडे पाहिलं, मग म्हातारीकडे, मग वाहोनोकडे.

"हे वाक्य मी वाचलंय," त्या म्हणाल्या.

"इंग्गिह, बू."

"तीनशे वेळा."

"इंग्गिह."

"म्हणजे तीनशे ठिकाणी बोकडाला घालायच्या लायकीचं आहे! आणि मी ते पडद्यावर लावलं! तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मास!"

"सगळेच वाजवत होते, बू."

"बू, रागावू नका," विनार्ती मध्ये पडली. "त्यांना जमत नाही. पण चाचणीत माझ्या आईला गोळ्या मिळाल्या नाहीत. उरलेल्या मंगळवारपर्यंत पुरतील. उद्या तुम्ही हलवलंत तर अशा किती आया हात हलवत परत जातील?"

"हे मला कुणी बोललं का नाही?"

"आमचं यंत्र बोललं होतं," वाहोनो पुटपुटला.

"कोण यंत्र?" म्बाह सातिनेमने विचारलं.

"आई, मी एक प्रोग्राम लिहिलाय. तो तुमच्यासारखं बोलतो."

म्हातारीने विचार केला. "म्हणजे ही तिसरी सातिनेम?"

बू तिउर्मांनी कप खाली ठेवला. "यंत्राचं राहू दे. तुम्ही सांगा, मास. उद्या हलवायचं का?"

"अजून जरा..."

"अजून नको. जरा नको. हो की नाही?"

वाहोनोने ओठ ओले केले. त्याने बोकडाकडे पाहिलं, पाणी शुद्ध करायच्या तीन यंत्रांकडे पाहिलं, मग सासूकडे. म्हातारी पदरातून गोळ्यांचं पाकीट काढून त्यातला एकेक कप्पा बोटाने दाबून बघत होती. बरेचसे रिकामे होते.

"नाही," वाहोनो म्हणाला.

घशातून निघालेला तो आवाज इतका परका होता की विनार्तीने मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

"झालं की!" बू तिउर्मा म्हणाल्या. "एवढ्यासाठी तीनशे शेरे? नाही हलवत. वरच्यांना मी सांगते, ते ओरडतील, मी पण ओरडेन. तुम्ही ते नावांचं आधी नीट करा." त्यांनी समोरची बशी ओढली. फणसाचा गुडेग होता, ताडगुळात मुरलेला. त्यांनी एक घास घेतला आणि बशी परत सारली. "फार गोड आहे. मला नाही आवडलं."

वाहोनो श्वास रोखून सासूकडे बघत राहिला.

"राहू दे मग," म्हातारी म्हणाली. "चहा घे."

आणखी काही झालं नाही. बू तिउर्मांनी चहा घेतला, बोकड कितीला विकणार म्हणून विचारलं आणि निघून गेल्या.

दिवेलागणीला तिघं जेवायला बसली. विनार्तीने सवयीने नवऱ्याच्या ताटात दोन डाव गुडेग घातला. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सासूने आवडला का विचारलं होतं आणि तो 'इंग्गिह' म्हणाला होता. तेव्हापासून दर रविवारी घरात गुडेग असतो, आणि वाहोनो मूठभर मिरच्या तोंडात टाकून, वर चहा पिऊन तो कसाबसा संपवतो.

"अजून घाल गं त्याला," म्बाह सातिनेम म्हणाली. "आज दमलाय."

विनार्तीने डाव पुढे केला. वाहोनोने ताटावर हात आडवा धरला.

"आजपासून मी गुडेग खाणार नाही," तो म्हणाला.