आक्काची योग्य वेळ

मी बारामतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. माझी थोरली बहीण निमगाव केतकीत डाळिंबाची बाग सांभाळायची. तिची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, आमच्याकडेच राहायची.

दिवाळीनंतर आक्काच्या पोटातली गाठ कॅन्सरची निघाली. पुण्याहून परतताना तिनं गाडीतच बजावलं, "पोरीला यातलं काय सांगायचं न्हाय. परीक्षा हुंदे. योग्य वेळ आली की मी सांगीन."

"आक्का, आत्ताच सांग. नंतर ती तुलाच बोल लावंल."

"लावू दे. आई मी हाय का तू?"

दाजींनी तिचंच ऐकायचं ठरवलं. मग मीही.

त्याच दिवसांत भाचीच्या वर्गात सापेक्षता चालू होती. एका संध्याकाळी मी चहा टाकत होतो, तेवढ्यात भाची आली. "मामा, प्रॉपर टाइम म्हणजे योग्य वेळ का?"

"नाही गं, स्वतःचा वेळ. आपल्याबरोबर फिरणारं घड्याळ दाखवतं तो. दोघं एका जागेवरून निघाले, वेगवेगळ्या वाटांनी, वेगानं गेले आणि पुन्हा भेटले, तर त्यांच्या घड्याळांत फरक पडू शकतो."

"मग बरोबर कुणाचं?"

"दोघांचंही. एकाचा वेळ दुसऱ्यानं ठरवायचा नसतो."

दूध उतू जाईल म्हणत मी गॅसकडं वळलो.

आक्का फोनवर हसून बोलायची, पण आवाज बारीक होत चालला होता. भाचीनं विचारलं की म्हणायची, "घसा बसलाय गं."

उन्हाळ्याच्या तोंडाला दाजींचा फोन आला, "पोरीला घिऊन या." एसटीत मी तिला सगळं सांगितलं.

"घरात सगळ्यांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"होय."

सणसर मागं पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती.

आक्का औषधाच्या गुंगीत होती. भाची हात धरून हाका मारत राहिली. एकदाच आक्कानं डोळे उघडले. "पेपर झालं का गं?"

"झाले, आई. सगळे झाले."

एकही झाला नव्हता. त्याच आठवड्यात आक्का गेली.

भाची परीक्षेला बसली, पासही झाली. आता पुण्यात नोकरी करते. दाजींशी कामापुरतंच बोलते. डाळिंबावर तेल्या रोग पडलाय, दाजी एकटेच फवारत असतात. परवा मी गेलो तेव्हा म्हणाले, "सुट्टीला यील का वं ती?"