एकोणचाळीस वर्षांची छोटी

घरात तिला छोटी म्हणतात. वय एकोणचाळीस. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून ती फ्रेमच्या मापाला काचा घासते. सतरा वर्षं झाली. काच जरा फिरली तर गिऱ्हाइकाला जिन्याची पायरी भलतीकडे दिसते आणि माणूस तोंडावर आपटतो. छोटीच्या हातची काच फिरत नाही. मालक तोंडाचा फटकळ, कौतुकाच्या बाबतीत महाकंजूस, तोही म्हणतो, "बाई, तुम्ही रजा घेतली की माझं दुकान आंधळं होतं."

बाई हा शब्द तिला फक्त दुकानात ऐकायला मिळतो. घरात पाऊल टाकलं की वहिनीचा लाडिक सूर, "आली का गं छोटी? हात धुतलेस का नीट?"

आता, आतून तिला मोठं वाटतं का, तर नाही. ते ती लपवतही नाही. आपण दहा-अकरा वर्षांच्याच राहिलोय असं तिला कायम वाटत आलंय. चार बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी मांडून बसल्या की ती चुकून मोठ्यांच्या खोलीत शिरलेल्या पोरीसारखी दाराशी घुटमळते. छत्तिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम आहे. कागदावर लिहिलं, स्वमग्नता. "मग्न कसली डोंबलाची!" ती म्हणाली, "मला शेजारच्यांच्या फ्रिजची घरघरसुद्धा ऐकू येते."

दिवसभर घासायच्या चाकाचं किर्र-किर्र कानात भरून ती घरी येते, तेव्हा तिला कुणाशी बोलवत नाही. पत्र्याच्या डब्यात तिची बोटभर उंचीची लाकडी जनावरं असतात. पहिल्या पगारापासून एकेक करून जमवलेली. ती जमिनीवर बसून त्यांची रांग लावते. अर्धा तास. मग डोकं ताळ्यावर येतं आणि ती माणसांत येते.

त्या दिवशी ती आली तेव्हा डब्याच्या जागी अभ्यासाचं टेबल होतं. भाची दहावीत गेली होती.

"माझा डबा?"

"अगं, खालच्या मजल्यावरच्या चिमुरडीला दिला," वहिनी म्हणाली. "पोरीची बाहुली, तिचाकी, सगळंच देऊन टाकलं. घरात आता खेळणारं आहे कोण? आणि न विचारता नाही हं दिलं."

"कुणाला विचारलंस?"

"कुणाला म्हणजे? पोरीला."

भाचीने पुस्तकातून मान वर केली. "आई, मी माझ्या बाहुलीपुरतं हो म्हटलं. आत्याचं आत्याला विचारायचं ना!"

"तू गप गं. आणि छोटी, तूही आता पुरे कर. चाळिशीची घोडी झालीस, जनावरं कसली मांडतेस?"

छोटीच्या कानशिलात चाक फिरायला लागलं.

"भाड्याची खोली घेते म्हटलं, तेव्हा काय म्हणालीस? तू लहान आहेस, तुला नाही जमायचं. पगाराचं बँकेचं पुस्तक दादाच्या कपाटात का, तर मी लहान आहे. डॉक्टर समोर बसून विचारतात मला आणि उत्तर देतेस तू. का, तर मी लहान. आणि माझा डबा उचलायची वेळ आली की मी घोडी? एक काय ते ठरव! दोन्हीकडून माझंच थोबाड फोडू नकोस!"

चप्पल न घालता ती जिना उतरली.

खाली चिमुरडीने सगळी जनावरं घरभर उधळली होती. शेजारीण हसत म्हणाली, "या ना. खेळायला आलात का?"

"न्यायला आले. ती माझी आहेत."

चिमुरडीने जिराफ पोटाशी धरला. "माझा आहे."

"नाही. माझा आहे. तो माझ्याकडून चोरून तुला दिला. तुझी चूक नाही. तरी दे."

लहान मुलांशी बोबडं बोलतात तसं ती बोललीच नाही. चिमुरडीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मग भोंगा पसरला. छोटीने दोन्ही कानांवर हात दाबले, पण जागची हलली नाही.

एवढ्यात दादा मागून धापा टाकत आला. शेजारणीपुढे हात जोडून म्हणाला, "मनावर घेऊ नका हं. आमच्या हिचं जरा लहान मुलासारखं आहे." मग तिच्याकडे वळून, "चल बघू. शहाणी ना तू?"

छोटीने कानांवरचे हात काढले.

"आहे मी शहाणी. आतून दहा वर्षांची आहे, तेही खरं. पण दहा वर्षांच्या पोरीची वस्तू उचलून दिली तरी तिला चोरीच म्हणतात, दादा. सांग यांना. कुणी दिली, कुणाला न विचारता?"

शेजारणीचं हसू मावळलं. "अहो, म्हणजे ही खरंच यांची आहेत? वहिनी तर म्हणाल्या, पोरीची जुनी आहेत."

दादा जिन्याकडे वळायला लागला.

"सांग."

"हिची आहेत," तो पुटपुटला. "आम्ही हिला विचारलं नाही."

शेजारणीने मुलीची मूठ उघडून जिराफ काढून दिला. मुलगी आणखी जोरात रडली. छोटीला वाईट वाटलं, पण तिने जिराफ घेतला.

"सोफ्याखाली गेलीत काही," ती दादाला म्हणाली. "वाक."

"मी?"

"मग काय वहिनीला बोलावू?"

तो दोन हातांवर आला, मग पोटावर आडवा झाला आणि सोफ्याखाली हात घालून चाचपू लागला. एक माकड निघालं, मग शेपूट मोडलेला कोल्हा.

"झाली का गं सगळी?" त्याने धुळीतून विचारलं.

"नाही," छोटी म्हणाली. "पाणघोडा राहिलाय. आणखी आत हात घाल."