नसलेल्या हाताची मूठ

माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात सोयाबीनच्या मळणीयंत्रात गेला, कोपराच्या वरपर्यंत. यंत्राच्या तोंडावरचं झाकण मीच काढून ठेवलं होतं. आमच्या साखरा गावच्या शिवारात सगळेच काढतात. झाकण असलं की माल थोडा थोडा आत जातो आणि मळणी रेंगाळते. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांत पहिला मीच आहे.

हिंगोलीच्या एका दवाखान्यात चिंधड्या झालेला हात कापून जखम शिवली आणि कापलेला भाग कापडात गुंडाळून माझ्याकडे दिला. मी तो बांधावरच्या बाभळीखाली पुरला.

टाके निघाल्यावर भाऊ म्हणाला, “दादा, मूठ वळून राहिली. नखं तळव्यात रुतून राहिली. उघडतच न्हाई.”

“कोणती मूठ?”

“गेलेली.”

त्याला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेलो. “हातच नाही तर दुखेल कसा?” डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं. “मनातून काढून टाका.” आणि झोपेची गोळी दिली.

दवाखान्यानं हात झटकले की गाव पुढे होतं. चुलते म्हणाले, “पुरताना बोटं सरळ केली व्हती का रं? मूठ झाकून पुरली असंल तू. उकर आन् उघड, पोरगं मोकळं हुईल.” मी बी.ए. झालेला माणूस. कुदळ घेऊन बाभळीखाली गेलो आणि उकरलं. मळणीयंत्रानं बोटं ठेवलीच नव्हती. पुरतानाही मला ते दिसलं होतं. तरी उकरलं.

घरी आलो तेव्हा भाऊ ओसरीवर वाट बघत होता. “उघडली का?”

“उघडली,” मी म्हणालो.

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. “मंग अजून काहून दुखून राहिली?”

त्यानंतर कृत्रिम हातांचं शिबिर झालं. मंडप, हार, भाषणं. भावाला एक गुळगुळीत रबरी हात बसवला आणि पाहुण्यांनी तो धरून फोटो काढला. भाऊ म्हणाला, “साहेब, याच्यानं माशी तरी उडती का?” मंडपातले हसले. दुखतं का, हे तिथे एकानंही विचारलं नाही. घरी येऊन त्यानं तो हात खुंटीला अडकवला, तो अजून तिथेच आहे.

खरं काय ते कळलं पुण्यात, एका तरुण सर्जनबाईंकडून. तिथवर पोचायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्या म्हणाल्या, “मेंदू अजून हुकूम पाठवतोय. तो नेणारी कापलेली नस वाढायला बघते, पण तिला रुजायला स्नायू सापडत नाही. मग टोकाला गाठ होते, ती दुखते. यांचं दुखणं खोटं नाही.” भावानं डोळ्याला टॉवेल लावला. खोटं नाही, एवढं ऐकायला त्याला इतका प्रवास करावा लागला!

मांडीतल्या स्नायूचे लहान तुकडे काढून नसांच्या टोकांभोवती गुंडाळायचे, काही महिन्यांत नस त्यात रुजते, असं त्यांनी समजावलं. मग मूठ वळायचं मनात आणलं की तो तुकडा आवळतो. त्याची खूण पकडून यंत्राचा हात चालवता येतो. पण ते काम अजून प्रयोगात आहे, त्याचं वचन त्या देणार नव्हत्या. दुखणं मात्र कमी होण्याची आशा होती.

“म्हंजे मोसंबीचं कलम करताना डोळा भरत्यात तसं,” भाऊ म्हणाला.

“बरोबर तसंच.”

परतताना गाडीत मी रागानं बडबडत होतो. हात कापतानाच नसांचं बघता आलं असतं, असं बाई म्हणाल्या होत्या. आमच्याकडे ते होत नसेल, मान्य. पण दुखणं खरं आहे, एवढं सांगायला कुठलं यंत्र लागतं? ते कुणी सांगितलं असतं तर मी कुदळ उचलली नसती.

शस्त्रक्रिया झाली, दुखणं हळूहळू उतरलं. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊ डाव्या हातानं बैलाच्या जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळत होता. “बैलाच्या खांद्याला लोणी, आन् माह्या खांद्याला झोपेची गोळी,” तो म्हणाला. मग सदऱ्याची रिकामी बाही वर केली. “दादा, इथं हात ठेव. मूठ वळतो.”

कातड्याखाली सुपारीएवढं काहीतरी घट्ट झालं.

“आता उघडतो.”

ते सैल पडलं. माझ्याच्यानं राहवलं नाही. बाभळीखालचं सगळं सांगून टाकलं.

“ठावं हाय मला. यंत्रात बोटं गेलेली मीच पाह्यली ना?” तो म्हणाला. “तू आला तवा तुझं तोंड पाहून गप बसलो.”

शिबिरवाल्यांनी पुन्हा बोलावलं आहे, हात मिळालेल्यांच्या सत्काराला. भाऊ आणि मी जाणार आहोत, खुंटीवरचा रबरी हात पिशवीत घालून. “त्यांचा त्यांना देऊ,” तो म्हणतो, “आन् म्हणू, आमची नस रुजली. तिला जोडायला तुमच्याकडं काय हाय?”

उत्तर मिळेपर्यंत आम्ही मंडपातून उठणार नाही.