तात्या माणूस बघून पेपर वाचायचे

तात्या मंगळवारी गेले आणि मला आज कळलं.

चुलतबहिणीने त्याच दिवशी पोस्ट टाकली होती. माझ्या फीडवर मात्र चार दिवस साड्या आणि लोणची.

फोनला वाटलं असेल, हिला हेच आवडतं. खोटं कशाला बोलू, आवडतंच.

तात्या आमच्या कुडपणचे, मुंबईची नोकरी करून परतलेले. नव्वदच्या दशकात पोलादपूरहून एसटीने गावात एकच पेपर यायचा, तो त्यांचा. देवळात बसून ते सगळ्यांना वाचून दाखवायचे.

पण माणूस बघून.

गणूकाकांना कबड्डी. सरपंचांना त्यांच्याच पक्षाच्या सभा. बिचारे निवडणुकीत पडले तेव्हा आठवडाभर विचारत होते, असं झालंच कसं?

दादा तेव्हा ठाण्याला एका कंपनीत होता. आई रोज त्याच्या कंपनीचं विचारायची. तात्या पानं चाळून सांगायचे, सगळं बरं हाय.

त्या वर्षी शिमग्याला दादा आला नाही. पत्रही नाही. पालखी दारात आली आणि घरचा मुलगा नाही, हे आईला फार लागलं. तिने मला पत्र लिहायला बसवलं.

"लिही, घर विसरलास तर आता येव पण नको."

मी लिहिलं. अगदी छान अक्षरात.

मे महिन्यात फळीवर अंथरायला तात्यांकडून रद्दी आणली. त्यात दिसलं. दादाच्या कंपनीला टाळं. पेपर शिमग्याच्या दोन महिने आधीचा.

तो घेऊन मी तात्यांकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगितलं असतं तर तुझी आय जेवली असती का गो?"

दादाला घाईघाईने दुसरं पत्र टाकलं. तोवर त्याने खोली सोडली होती. पुढे दोन वर्षं पत्ता नाही.

आला तेव्हा आईशी पाऊसपाण्याचं बोलला. आजही दोघं तेवढंच बोलतात.

आणि आई? सगळं कळूनही त्या दिवाळीत तिने तात्यांना भाऊबीजेला ओवाळलं. पुढेही दरवर्षी.

मला तात्यांचा राग यायला हवा ना? येतोच. रडूही येतंय. काय करायचं याचं?

आई हल्ली माझ्याकडेच असते. मघाशी म्हणाली, फोनात गावचं काय आलंय ते वाच. मी वाचलं. लावणी आटपली. रस्त्याचं काम सुरू झालं.

"आणि तात्या?"

"बरे आहेत."

भावकीतल्यांनो, आईला इतक्यात कुणी फोन करू नका. मीच सांगेन. कधी, ते मला माहीत नाही.

तात्या, शेवटचा नमस्कार.