नामाचा घसरणारा पाय

विठू मंगळवारी सकाळी गेला. मैदानावर रूळ फिरवून घरी आला, पाणी मागितलं, आणि तांब्या येईपर्यंत तो राहिला नव्हता. निरोप कडावहून कर्जतच्या शाळेत आला तेव्हा माझा वर्ग चालू होता.

महिना उलटला. त्याच्याविषयी चार बऱ्या ओळी लिहाव्यात म्हणून बसतो आणि दर वेळी त्याच्यावर चिडून उठतो…

भिवपुरीच्या वीजकेंद्रातली पाळी संपली की विठू सायकलने कडावला यायचा आणि दिसेनासं होईपर्यंत गावातल्या पोरांना कबड्डी शिकवायचा. मी गुण लिहायला बसायचो. त्याचा सगळा जीव एका पकडीत होता. डाव्या कोपऱ्यातल्या नामाने पाय घसरल्यासारखं करायचं. चढाईला आलेला गडी त्या मोकळ्या जागेत शिरला, की हात धरून उभ्या असलेल्या बाकीच्यांनी त्याच्याभोवती मिटायचं. ऐकायला सोपं. ते अंगात मुरेपर्यंत पोरांना मिशा फुटल्या.

तेवढा धीर गावच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांना नव्हता. शिमग्याच्या स्पर्धेसाठी त्यांनी मुंबईहून गिरणीच्या संघातला एक चढाईवाला आणला.

"आपलं पोर बसवून पाव्हणा खेळवायचा? मग जिंकलं कोन, कडाव का मुंबई?" विठू भडकला.

"चषक कुनाच्या देवळात ऱ्हातो तेवढं बघ रं," अध्यक्ष म्हणाले.

आता हा मैदानाकडे फिरकणार नाही, असं मला वाटलं. संध्याकाळी जाऊन पाहतो, तर विठू त्याच पाहुण्याचा हात साखळीत देऊन त्याला नामाच्या पायाची सगळी गोम समजावत होता. मी त्याला बाजूला ओढलं. "अरे, स्पर्धा संपली की तो जाणार. तुला काही कळतं का?"

"आपला गंजी घातलाय ना त्यानं? मग ठावं नको त्याला? साखळीत एक गडी आंधळा ठेवू काय, मास्तर?"

चषक आला. पुढच्या शिमग्याला तोच पाहुणा शेजारच्या कशेळे गावच्या गंजीत आमच्यासमोर उभा. नामाचा पाय घसरला. पाहुणा त्या जागेत शिरलाच नाही. वाकून नामाच्या खांद्याला हात लावला, दम न सोडता आरामात परत गेला आणि रेषेपलीकडून म्हणाला, "ऊठ नामा, लागलं तर नाही ना?" सारं मैदान हसलं. आम्ही हरलो.

"पुढल्या साली याच्यापेक्षा भारी आनू," अध्यक्ष तिथल्या तिथे म्हणाले. आणि विठू काय म्हणाला? "मग जरा लवकर आना. शिकवाया येळ मिळंल."

त्यानंतर दर साल नवा पाहुणा. प्रत्येकाला विठूने शिकवलं, प्रत्येकजण ते घेऊन दुसऱ्या गावाला गेला. शेवटी नामाचा पाय खालापूरपर्यंत ठाऊक झाला. एकदा मी फार बोललो, तेव्हा सायकलला टेकून तो म्हणाला, "जानारा काय नेतो रं? पायाची गोम. नामा तर हितंच हाय ना." मला आजही ते पटलेलं नाही.

आता विठूच्या नावाने स्पर्धा भरवायचं ठरलंय. परवा अध्यक्ष भेटले. आपल्या संघासाठी मुंबईचे दोन गडी बघून ठेवलेत, म्हणाले. विठूला बरं वाटेल, असंही म्हणाले. मी बसस्टँडकडे निघालो.

वाटेत मैदान लागतं. रूळ तिथेच आहे. सकाळी नामा आणि त्याच्या वेळचे गडी तो ओढतात.