रॅलीच्या गाडीला भोंगा न्हाय

आमच्या मालकांच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं, त्याला दोन वरसं झाली. जल्मभर उद्यमनगरात लेथवर काम केलेला मानूस खाटंवर पडून भिताडाकडं बघत बसायचा. अंघोळ घालायची, भरवायचं, शर्टाची बटनं लावायची, सगळं मीच. रडून काय हुनार हुतं? करत गेलो. डॉक्टरनं रबरी चेंडू दिल्ता, "दाबा, न्हायतर बोटं कायमची धरतील," म्हनून. मालकांनी भिरकावला. "मी काय तान्हं पोर हाय?"

मग गडहिंग्लजला दिलेली लेक आली, खोकं घिऊन. आत सुटी गाडी. "आई, जुन्या काळची रॅलीची गाडी हाय. जोडायची, रिमोटवर पळवायची."

मी दुसरी शिकलेली बाई. रॅली म्हंजे मला इलेक्शनची ठावं. खोक्यावर पांढरी गाडी, पुढं चार मोठं दिवं, चिखलानं माखलेली. म्हटलं, "आन् भोंगा कुठं बसतोय हिला?"

मालक हसलं. आजारपनानंतर पयल्यांदा. तोंड वाकडं, पन हसलं. "येडे, ही मतं मागायची न्हवं, डोंगरातनं पळायची शर्यतीची. आन आत बसलाय तो पुढारी न्हवं, डायवर."

त्यांचा उजवा हात चांगला, डावा मी झालो. इस्क्रू परातीत वतायचं, सांगतील ते धरून बसायचं.

"हलवू नगंस!"

"तुमीच हलताय की."

चाकाजवळच्या धक्के खानाऱ्या बारक्या नळ्या, त्या शॉकपात तेल भरताना आत बुडबुडा ऱ्हायला न्हाय पायजे. ते मी थेंब थेंब भरलं. मालक म्हनालं, "हात बसलाय की तुझा." यवढ्या संसारात माझ्या कामाला असं कवा म्हनालं न्हवतं.

महिन्यानं गाडी मागच्या मैदानात नेली, मालकांना धरून नेऊन खुर्चीवर बसवलं. रिमोट बंदुकीसारखा. डाव्या बोटानं घोडा वडला की गाडी पळती, उजव्या हातानं बारकं चाक फिरवायचं. मालकांचं डावं बोट वळंना, म्हनून घोडा मी वडला, चाक त्यांनी धरलं. लांब जाताना झ्याक. आमच्याकडं वळली की उलटीच जाऊन लिंबाला धडकायची. तीनदा धडकली. मालकांचा चेहरा पडला.

मला कळलं. गाडीचं तोंड आपल्याकडं झालं की तिचं उजवं ते आपलं डावं. दोन वरसं समोर बसून ह्यांची दाढी करतोय, बटनं लावतोय, मला न्हाय कळायचं तर कुनाला?

"आना चाक हिकडं."

"तुला सायकल यीत न्हाय!"

"द्या की."

चाक जमलं, पन दोन्ही संगट झेपंना. घोडा वडला की फिरवायचं ऱ्हातंय. म्हटलं, "घोडा तुमी वडा." त्यांचं बोट उचलून घोड्यावर ठिवलं.

"वळत न्हाय म्हाईत हाय न्हवं?"

"मग गाडी हितंच थांबंल. मला काय घाई न्हाय."

उन्हं कलंपतोर तसंच हुतो. मग गाडी हातभर सरकली. मला वाटलं, उतार आसंल. मालक बोटाकडं बघत हुतं. परत सरकली.

आता वरची दोन बटनं मालक सवता लावत्यात, खालची मी. पोटच्या लेकीनं आमाला ही गाडी दिली, यवढं कुनाच्या वाट्याला येतंय? कारखान्यात असताना खंडेनवमीला लेथ पुजायचं, तशी औंदा मी गाडी पुजली. बॉनेटवर हळदकुंकू लावलं. मालक म्हनत्यात, रंग खराब हुतोय.

हू दे.