अखाजीला घ्यायला कोण गेलं?

वकील आक्कांसमोर रडायला बंदी होती. डोळे भरून आले की त्या बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवायच्या. "तिथे जाऊन रड, चाय पी, मग आत ये. आणि नवरा कसा आहे ते सांगू नको. नवरे मी पुष्कळ पाहिलेत. तुला काय पाहिजे, ते सांग."

मला माझी मुलगी पाहिजे होती. चार वर्षांची. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिला घेऊन मी तुकईथडला माहेरी आले, ती तिथेच राहिले. नवऱ्याने बुऱ्हाणपूरच्या कोर्टात अर्ज टाकला, की बायको आपल्या मर्जीने घर सोडून गेली, पोर माझ्याकडे द्या. माझी तर पाचावर धारण बसली.

आक्का निवांत. गावातल्या निम्म्या मोडक्या संसारांच्या त्या वकील, उरलेल्या निम्म्यांत समोरच्या बाजूच्या. बाजारात त्यांना सगळेच नमस्कार करायचे, लग्नाला मात्र कोणी बोलवायचं नाही. "अपशकुन कशाला घरात?" असं त्याच म्हणायच्या. त्यांना त्याचं काही नव्हतं. मला फार वाईट वाटायचं.

पेशीला सासूबाई साक्षीला उभ्या राहिल्या. मला वाटलं, आक्का आता त्यांना सोलून काढणार. त्यांनी चौकशी केल्यासारखं विचारलं, "मावशी, तुमच्याकडे सून अखाजीला माहेरी गेली, की एकटीच परत येते का हो?"

"एकटी? अगं बाई! आमचं काय तसलं घर आहे? घरचं माणूस घ्यायला जातं, मानानं आणतं."

"मग या अखाजीला कोण गेलं होतं?"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने पंख्याकडे. आक्का खाली बसल्या.

मुलगी माझ्याकडे राहिली. रविवारी तिने बापाकडे जायचं ठरलं. मी पेढे घेऊन गेले, तर आक्का खवळल्याच. "संसार मोडल्याचे पेढे वाटतेस? पोरीला बाप आहे अजून. एक रविवार जरी चुकवलास, तर त्याचा वकालतनामा मी घेईन!" त्या घेतल्याशिवाय राहिल्या नसत्या, म्हणून मी एकही चुकवला नाही.

यंदा आक्का गेल्या. मी दुखवट्याला बसायला गेले, तर पोरीचा बाप आधीच येऊन बसलेला. ज्या बाईने याला कोर्टात हरवलं, तिच्या घरी हा काय करतोय, मला कळेना.

मान वर न करता तो म्हणाला, "दर इतवारी फोन यायचा त्यांचा. पोर पोचली का, जेवली का. आता कोण विचारील?"

मी म्हटलं, "मी विचारीन."